तुकडा तपासायला पाठवा

कातडीवर काही उगवलं की आपल्याकडे आधी घरचे उपचार होतात. चामखिळीला घोड्याचा केस बांधायचा, तिळावर चुना-सोडा लावायचा; आणि हल्ली मशिनने जाळून घ्यायचं. जागा भरून आली की विषय संपला! अशा बहुतेक गाठी साध्याच असतात, हे खरं. पण जाळून टाकलेली गाठ साधी होती की नव्हती, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून जरा शंका आली, की डॉक्टर ती जागा बधिर करतात आणि तीन-चार मिलिमीटरचा गोल तुकडा काढतात. लहान गाठ असेल तर अख्खीच काढतात. 'सुरी लागली की कॅन्सर पसरतो' ही भीती मनातून काढून टाका. तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत आमच्याकडे, म्हणजे पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये येतो. तो मेणात बसवून त्याचे मिलिमीटरच्या अडीचशेव्या भागाएवढे पातळ काप घेतात. रंग दिल्यावर पेशींची केंद्रकं निळी-जांभळी आणि बाकीचं गुलाबी दिसतं.

सूक्ष्मदर्शकाखाली आम्ही आधी ठेवण पाहतो, पेशी नंतर. म्हातारपणी पाठीवर, चेहऱ्यावर येणारे काळपट, चिकटवल्यासारखे उंचवटे तळाशी सरळ रेषेत थांबलेले असतात. खाली घुसत नाहीत. हे निरुपद्रवी. बेसल सेल कॅन्सरमध्ये गडद पेशींचे पुंजके खाली उतरतात आणि त्यांच्या कडेच्या पेशी कुंपणाच्या खुंटांसारख्या ओळीने उभ्या असतात. आपल्या सावळ्या कातडीत हा कॅन्सर बऱ्याचदा काळा दिसतो, त्यामुळे घरच्यांना तो तीळच वाटतो. स्क्वॅमस कॅन्सरमध्ये केराटिनचे गोल 'मोती' खोलवर सापडतात. मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर असेल, तर तो किती मिलिमीटर खोल गेलाय हे मोजावं लागतं. ही मोजणी अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी 1970 साली मांडली, आणि पुढचे बरेचसे उपचार आजही तिच्यावर ठरतात. गाठ वरवर खरवडून पाठवली, तर आम्ही मोजायचं काय?

तुकड्याबरोबर येणारा फॉर्म अनेकदा कोराच असतो, त्याचा मला फार राग येतो. गाठ कुठे आहे, किती दिवसांची आहे, तिथे पूर्वी भाजलं होतं का, हे लिहायलाच हवं. भाजल्याच्या जुन्या वणात वर्षांनुवर्षं न भरणारी जखम कॅन्सरची असू शकते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी 1945 साली 'धोतर कॅन्सर'ची नोंद केली. कमरेला धोतराची गाठ रोज करकचून आवळली जायची, तिथली कातडी जाड व्हायची, रंग बदलायची आणि काहींना तिथेच कॅन्सर व्हायचा. पुढे परकराच्या नाडीच्या जागीही असे रुग्ण आढळले. नुसत्या स्लाइडवर धोतर दिसत नाही हो, ते फॉर्मवरच लिहावं लागतं.

रिपोर्टला थोडे दिवस लागतात. कधी आणखी काप घ्यावे लागतात, कधी वेगळे रंग द्यावे लागतात. उशीर झाला म्हणजे वाईटच निघालं, असं समजू नका. आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल, तर नुसता कागद नेऊ नका. लॅबमधून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या. तुकडा पुन्हा काढायची वेळ बहुधा येत नाही.