नव्वद दिवसांच्या आत

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी बाजाराला जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर चाल केली. त्यांना हवे होते कागद: खतं, रोखे, दस्त. जिथे सावकारानं ते निमूट काढून दिले तिथे माणसांना फारसा हात लागला नाही. होळी झाली ती कागदांची.

या दंग्यांनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी साहाय्य कायदा आला. रोख्यावरचा आकडा कोर्टानं डोळे झाकून मानायचा नाही, मुद्दल किती दिलं आणि व्याज कसं चढत गेलं हे खणून काढायचं, असं त्यात ठरलं. कुळाला पावती आणि हिशेब मागण्याचा हक्क मिळाला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं थांबलं.

आजच्या कर्जदाराला हिशेबासाठी दंगा करावा लागत नाही. खातेउतारा फोनवर येतो. तरी हप्ता थकलेल्या घरात नेमका तोच उघडला जात नाही. अनोळखी नंबर उचलणं बंद होतं, बँकेची पाकिटं न फोडता टीव्हीमागे जातात. यात बेपर्वाईपेक्षा लाज अधिक असते. पण बँक लाजेवर चालत नाही, तारखांवर चालते. आणि वाटाघाटीत कर्जदाराला खरी मदत होते ती या तारखा ठाऊक असण्याची.

हप्ता चुकल्यापासून ३० दिवसांपर्यंत खातं ‘एसएमए-शून्य’ (एसएमए म्हणजे खास लक्ष ठेवायचं खातं) या कप्प्यात असतं. ३१ ते ६० दिवस ‘एसएमए-एक’, ६१ ते ९० दिवस ‘एसएमए-दोन’. नव्वदी ओलांडली की एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज. त्यानंतर थोडेफार पैसे भरून खातं पूर्वपदावर येत नाही. रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलं, की व्याज आणि मुद्दल यांची संपूर्ण थकबाकी भरल्याशिवाय एनपीएचा शिक्का काढायचा नाही. म्हणजे ऐंशीव्या दिवशी दोन हप्ते घेऊन आलेल्या माणसाला शाखाधिकारी खुर्ची देतो; शंभराव्या दिवशी तेच दोन हप्ते आणले, तर त्याला फारसं काही करता येत नाही.

एक फसगत तर भल्याभल्यांची होते. समजा, हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला आहे. एप्रिलचा चुकला आणि मेपासून पगारदार पुन्हा नेमानं भरू लागला. त्याला वाटतं, मिटलं. पण मेमध्ये भरलेले पैसे बँकेत एप्रिलच्या हप्त्यापोटी जमा होतात, जूनमधले मेच्या. दिवाळी आली तरी खातं एक महिना मागेच, महिन्यामागून महिना दंड चालू, आणि सिबिलच्या पतअहवालात दर महिन्याला थकल्याची नोंद. एक जादा हप्ता पडल्याशिवाय हे चक्र सुटत नाही. बोनस, आयकराचा परतावा, मोडलेली भिशी, जे काही हाती येईल ते पहिल्यांदा इथेच घालायला हवं.

दंडाबद्दलही उतारा नीट वाचावा. पूर्वी बँका थकलेल्या रकमेवर वाढीव दंडव्याज लावत. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या आदेशानं ते बंद केलं. एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना फक्त दंडशुल्क लावता येतं आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. उताऱ्यात तसं दिसलं तर वाटाघाटीची सुरुवात तिथूनच करावी.

आता ‘मुदत वाढवून द्या’ या नेहमीच्या मागणीकडे. गणित मांडल्याशिवाय ती करू नये. ३० लाखांचं घरकर्ज, दर ९ टक्के, मुदत २० वर्षं: हप्ता सुमारे २६,९९२ रुपये. मुदत ३० वर्षं केली तर हप्ता २४,१३९. महिन्याला २,८५३ रुपयांची सुटका, आणि त्यासाठी एकूण व्याज सुमारे २२ लाखांनी जास्त! हे ऐकून कुणीही खुर्चीत सावरून बसेल. उलट ५ लाखांचं वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी ३ वर्षांसाठी असेल तर हप्ता १७,०८९. ५ वर्षांचं केलं तर ११,६३४. इथे महिन्याला साडेपाच हजारांच्या आसपास मोकळे होतात, जादा व्याज ८३ हजारांच्या घरात. नोकरी गेलेल्या माणसाला हा सौदा परवडू शकतो. तेव्हा दोन्ही कर्जं थकली असतील तर मुदतवाढ लहान कर्जासाठी मागावी.

मात्र अडचणीत आलेल्या कर्जाची पुनर्रचना बँकेलाही जड जाते. काही खास योजना सोडल्या, तर अटी सैल केल्याबरोबर खातं एनपीएत टाकावं लागतं. म्हणून अर्ज पाहून अधिकाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडतात. त्याला आवडतो तो वेगळा प्रस्ताव: तीन हप्ते थकायच्या आत, थकबाकी ठरावीक तारखांना तुकड्यातुकड्यानं भरण्याचा. सोबत पगार बंद झाल्याचं पत्र किंवा दवाखान्याची बिलं, आणि घरखर्च वजा जाता किती उरतं याचा एका पानाचा हिशेब असावा. हे सगळं लेखी, पोच घेऊन. ‘साहेबांशी बोलणं झालंय’ याला साहेबांची बदली झाली की किंमत उरत नाही.

नव्वदीनंतर तारण कर्जाला २००२ चा सरफेसी कायदा लागू शकतो. आधी ६० दिवसांची नोटीस येते. तिला लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. मार्डिया केमिकल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००४ साली कर्जदाराचं म्हणणं ऐकण्यावर भर दिला, त्यातून ही तरतूद कायद्यात आली. ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येतं. शेतजमीन या कायद्याच्या बाहेर आहे.

गावोगावच्या पतसंस्थांची वाट वेगळी. तिथे सहकार कायद्याखाली वसुलीचा ‘१०१ चा दाखला’ निघतो, आणि तो कर्जदाराइतकाच जामीनदारालाही भोवतो. मैत्रीखातर सही केलेल्या जामीनदाराला पहिली खबर पगारातून कपात झाल्यावर मिळावी, हे कर्जदाराला शोभत नाही. त्याला पहिल्याच महिन्यात सांगावं. तोही थकबाकी मिटवायला हातभार लावू शकतो.

वसुली एजंटांचा जाच ही तर घरोघरची कहाणी. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायचे नाहीत, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलं आहे. शेजाऱ्यांसमोर बदनामी, नातेवाइकांना फोन, धमक्या, सगळं निषिद्ध. वेळ-तारखेसह नोंद ठेवून आधी बँकेकडे तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. फी लागत नाही. पतसंस्थेची तक्रार मात्र सहकार खात्याकडे.

एकरकमी तडजोड, म्हणजे ओटीएस, हा शेवटचा मार्ग. बँक ती नाकारू शकते. ओटीएस हा कर्जदाराचा हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये बिजनौरच्या एका नागरी बँकेच्या प्रकरणात सांगितलं. म्हणूनच प्रस्तावासोबत पैसे कुठून येणार ते दाखवावं लागतं. लोकअदालतीत झालेली तडजोड दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी बंधनकारक असते आणि तिच्यावर अपील नाही, त्यामुळे सही करण्याआधी रक्कम आणि तारखा पुन्हा एकदा वाचाव्यात. सूट घेऊन मिटवलेलं खातं अहवालात ‘क्लोज्ड’ नव्हे, ‘सेटल्ड’ म्हणून दिसतं. पुढच्या कर्जाच्या वेळी ते विचारलं जातं.

पैसे भरल्यावर नो ड्यूज दाखला घ्यावा आणि महिन्या-दोन महिन्यांनी सिबिलमध्ये नोंद सुधारली का ते पाहावं. तारणाचे मूळ दस्तऐवज पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत परत द्यायचे, असा डिसेंबर २०२३ पासून नियम आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवशी ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला मिळते.