पहाटे साडेपाचची मॅच

जन्म बँकेत गेला, पण आज बोलणार आहे बर्फावरच्या हॉकीबद्दल. हसू नका!

मुलगी कॅनडात एडमंटनला असते. आमची ही गेल्यावर नातवाशी फोनवर दोन मिनिटांत विषय संपायचे. मग त्याने मला ‘ऑयलर्स’ संघाचं वेड लावलं. २०२३-२४चा हंगाम. पहिल्या १३ सामन्यांत फक्त ३ विजय, प्रशिक्षकाला नारळ. आम्ही असलं खातं बुडीतच धरलं असतं. पण पुढे याच संघाने ओळीने १६ सामने जिंकले! स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीत फ्लोरिडाविरुद्ध ०-३ अशी पिछाडी, तिथून ३-३.

सातवा सामना आपल्याकडे २५ जून, पहाटे साडेपाचला. सोसायटीचा पंपही सुरू झाला नव्हता. २-१ने हरलो. कर्णधार मॅकडेव्हिड प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण ट्रॉफी घ्यायला बाहेर आलाच नाही. मला ते पटलं, बुवा.

व्हिडिओ कॉलवर नातू रडत होता. मीही गप्प. फोन मात्र दोघांनीही ठेवला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, “आजोबा, ऑक्टोबरमध्ये पुन्हा उठाल ना?”

गजर अजून साडेपाचचाच आहे.