पोटावरची मुदत ठेव

(रौप्यमहोत्सवानिमित्त ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे चरबीचा विषयही मी खात्यांच्या भाषेतच मांडणार. सोसायटीतल्या डॉक्टरांनी सांभाळून घ्यावं.

जेवणातली जी साखर लगेच खर्च होत नाही, ती यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून राहते. हे बचत खातं, शिल्लक जेमतेम दिवसभराची. बाकी सगळं चरबीच्या पेशींत, मुदत ठेवीत. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे आपल्या वयाच्या माणसाची चारएक दिवसांची बेगमी. दुष्काळात ज्याच्याकडे ही ठेव होती तो तगला.

पण चरबी म्हणजे नुसती तिजोरी नव्हे. १९९४ साली अमेरिकेत जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिनचा शोध लावला. चरबीच्या पेशी हे संप्रेरक सोडून मेंदूला कळवतात, की ठेव पुरेशी आहे. उपास करून वजन उतरवलं की लेप्टिन घटतं आणि भूक खवळते. शिवाय वजन उतरलं तरी पेशींची संख्या जवळपास तेवढीच राहते, त्या फक्त आकसतात. खातं बंद होत नाही हो! म्हणून आपल्याकडच्या स्थूल बायकांना हळदीकुंकवात जे टोमणे मिळतात, ते मला पटत नाहीत.

आणि काटकुळ्यांनीही निर्धास्त राहू नये. बी विंगमधल्या एका सडपातळ गृहस्थांची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली (त्यांच्या परवानगीनेच सांगतोय). वजन कायम बासष्ट किलो, हातपाय काड्या, पुढे मात्र छोटंसं पोट.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्यात २१.२! पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांवरही त्यांनी काम केलं. जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्रज बाळांच्या मानाने किरकोळ, पण चरबी त्यामानाने राखलेली. कमी पडले होते ते स्नायू.

आता ही ठेव कुठे आहे, हेही महत्त्वाचं. मांड्या-नितंबांवरची चरबी बरीचशी निरुपद्रवी. आतड्यांभोवतीची आणि यकृतात साचलेली मात्र खोडकर. तिच्यामुळे इन्सुलिनचं कुणी ऐकेनासं होतं आणि मधुमेहाची वाट मोकळी होते. हे वजनकाट्यावर कळत नाही.

म्हणून चहाच्या टेबलाशेजारी शिंप्याची टेप ठेवली आहे. पुरुषांना ९० सेंटिमीटर, स्त्रियांना ८०, याच्या आत असावं. पँटचा नंबर सांगू नका. वीस वर्षं ३४ नंबर आहे असं सांगणाऱ्यांचा पट्टा पोटाखाली सरकलेला असतो! शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजायचं, श्वास सोडून. पोट आत ओढून नाही.