खिडकी थरथरली की...

आपलं लासूर स्टेशन रुळाला लागून. रात्री मालगाडी गेली की खिडक्या थरथरतात. आपण कूस बदलून झोपतो. पण लातूरकडच्या किल्लारीत भूकंपाच्या ढिगाऱ्याखालून निघालेला माणूस इथं मुक्कामाला आला, तर इतक्या वर्षांनीही तो अंगणात धावू शकतो. २९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. विसर्जन करून गाव झोपलं, आणि पहाटे चारच्या सुमारास दगडमातीची घरं अंगावर आली.

अशाला लोक ‘भित्रा’ म्हणतात. मला ते पटत नाही. मेंदूत बदामाएवढा अमिग्डाला असतो, धोक्याची घंटा वाजवणारा. शेजारचा हिप्पोकॅम्पस आठवणीला स्थळ-काळ जोडतो. जिवावरच्या प्रसंगात ही नोंद तुटक राहू शकते. मग ती थरथर जुनी वाटतच नाही, आत्ताची वाटते. कपाळामागचा भाग घंटेला आवर घालतो, तोही ढिला पडतो. मग ‘विसर आता’ म्हणून काय होणार? उपचारात सुरक्षित जागी तीच आठवण थोडीथोडी, पुन्हापुन्हा सांगायला लावतात. वेळ लागतो. घरात कुणाची अशी झोप उडाली असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर लिहून घ्या. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.