घामाची खाज : आधी ओळख, मग मलम



गेल्या महिन्यात एका द्राक्ष बागायतदार बंधूंचं पत्र आलं. सगळं पत्र खरड छाटणीविषयी होतं. अगदी शेवटी, सहीच्या वर, दोन ओळी वेगळ्याच होत्या. "साहेब, घामाने जांघेत फार खाज सुटते. गोल चट्टे पडले आहेत. ही बुरशीच आहे असे सगळे म्हणतात. बागेवर मारायचे बुरशीनाशक घरात शिल्लक आहे. त्याने डाऊनी जाते, तर हे का जाणार नाही? थोडे कालवून लावू काय?"

वाचून आधी हसू आलं, मग काळजी वाटली. कारण प्रश्न विचारणारा एक असतो आणि न विचारता लावून मोकळे होणारे दहा असतात. तेव्हा उत्तर आधी सांगतो : मुळीच लावू नये. मँकोझेबसारख्या बुरशीनाशकाने कित्येकांच्या चांगल्या कातडीवरसुद्धा पुरळ उठते, मग खाजवून सोललेल्या कातडीचं काय होईल? शिवाय जांघेतली कातडी पातळ असते. एका जुन्या कीटकनाशकाच्या तपासणीत असं आढळलं, की हाताच्या कातडीतून जेवढं औषध शरीरात मुरतं, त्याच्या दहापटीहून जास्त औषध वृषणाच्या पिशवीवरच्या कातडीतून मुरतं. वेलीच्या पानाला रक्त नसतं, माणसाला असतं. एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुरे.

मी शेतीचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. पण पिकावर रोग दिसला की आपण आधी काय करतो? पान उलटं करून बघतो. करपा की तांबेरा, कीड की अन्नद्रव्याची कमतरता, हे ठरल्याशिवाय पंप पाठीला लावत नाही. अंगाच्या बाबतीत मात्र आपण खाज सुटली की दुकानातून मिळेल ती ट्यूब आणतो. म्हणून आज घामाच्या दिवसांत अंगाला येणारी खाज ओळखायची कशी, ते सांगतो.

घाम हा काही रोग नव्हे. तो अंग थंड ठेवतो. त्रास होतो तो घाम अडकला, साचला किंवा अंगावरच वाळला म्हणजे.

सगळ्यांच्या परिचयाच्या घामोळ्या घ्या. कातडीतल्या घामाच्या बारीक नळ्यांची तोंडं बुजतात, घाम आतल्या आत झिरपतो आणि टाचणीच्या डोक्याएवढ्या लाल पुटकुळ्या उठतात. खाजेपेक्षा टोचल्यासारखं जास्त होतं. मान, पाठ, छाती, काखेचा भाग, कमरेला नाडी आवळते ती जागा, इथं त्या जास्त. तळहात-तळपायावर घामोळ्या येत नाहीत. तान्ह्या मुलांना तर हमखास येतात, कारण आपण वैशाखातसुद्धा त्यांना टोपडं-दुपट्यात गुंडाळून ठेवतो. यावर खरं औषध म्हणजे गारवा. सावलीत बसावे, गार पाण्याने अंग धुवावे, न घासता टिपून कोरडे करावे, सैल सुती कपडा घालावा. आग फार होत असेल तर कॅलामाईन लोशन लावावे. तेल, व्हॅसलीन, जाड मलम चोपडू नये. आधीच बुजलेल्या नळीवर आणखी बूच कशाला? ओल्या अंगावर पावडरीचे थर देऊ नयेत, त्याचा चिखल होतो. बाळाच्या तोंडाजवळ तर पावडर उडवूच नये, ती श्वासात जाते. गारव्यात घामोळ्या दोन-चार दिवसांत बसतात. पू धरला, ताप आला, तर मात्र दवाखाना.

आता पत्रातला विषय. नायटा म्हणा, गजकर्ण म्हणा. ही खरोखरच बुरशी. ओळख अशी : चट्टा गोल, कडा लाल आणि उंच, कडेवर कोंडा, आणि मधला भाग कडेपेक्षा निवळलेला. तो हळूहळू बाहेर पसरतो. जांघ, कंबर, करदोड्याखालची रेघ, बायकांना परकराच्या नाडीची जागा आणि छातीखालची घडी, अशा ओल धरणाऱ्या जागा त्याला आवडतात. दाट कॅनॉपीत हवा खेळली नाही की भुरी येते ना, तोच प्रकार.

इथं मला माझीच चूक सांगितली पाहिजे. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात माती नमुन्यांसाठी गावोगाव मोटारसायकलवरून फिरत होतो. दिवसभर तीच घामट पँट. जांघेत रुपयाएवढा चट्टा उठला. लाजेपोटी डॉक्टरांकडे गेलो नाही. दुकानातून एक ट्यूब आणली. काय सांगू, दोन दिवसांत खाज गायब! आठ दिवसांत चट्टा फिका. मी ट्यूब बंद केली, आणि पंधरा दिवसांत तो दुप्पट होऊन परत आला. पुन्हा ट्यूब, पुन्हा बरं, पुन्हा जास्त. असे चार महिने काढले. शेवटी चट्टे मांडीवर, पोटावर गेले, आणि घरात पत्नीला व मुलीलाही झाले, तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ट्यूब हातात घेतली आणि मला वाचायला लावली. तिच्यात बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड होतं.

स्टेरॉइड खाज आणि लाली दाबतं, बुरशी मारत नाही. उलट कातडीची प्रतिकारशक्ती दबल्यामुळे बुरशीला रान मोकळं मिळतं. वरून हिरवं दिसतं आणि आत मूळकूज चालू असते, तसं. चट्ट्याची ती गोल कडाही मोडते आणि मग तज्ज्ञालासुद्धा रोग ओळखायला जड जातो. फार दिवस लावलं तर कातडी पातळ होते आणि जांघेत भेगांसारखे पट्टे पडतात. ते पट्टे जन्मभर जात नाहीत. माझे गेलेले नाहीत.

म्हणून ट्यूब विकत घेताना बारीक अक्षरं वाचावीत, स्वतःला वाचता येत नसतील तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावीत. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं तर ती ट्यूब नायट्याला लावू नये. नीट ऐका : क्लोट्रिमेझोल हे बुरशीचं औषध, आणि क्लोबेटासोल हे जहाल स्टेरॉइड. नावं कानाला जुळी, गुण उलटे. अशी कित्येक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केंद्र शासनाने २०१८ साली केला. नियम आहे, पण काउंटरवर काय चालतं ते तुम्ही-आम्ही जाणतोच.

एक-दोनच चट्टे असतील तर नुसते क्लोट्रिमेझोल एक टक्का हे मलम दिवसातून दोन वेळा, धुतलेल्या कोरड्या कातडीवर लावावे. चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटे अंतरापर्यंत लावावे, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही आणखी दोन आठवडे लावत राहावे. आपली सगळी चूक इथेच होते. डाग गेला की औषध बंद. अर्धवट फवारणीने कीड जशी चिवट होते तशी ही बुरशीही हल्ली चिवट झाली आहे, पूर्वी सहज लागू पडणारी औषधं तिला पुरेनाशी झाली आहेत. चट्टे जास्त असतील, दोन आठवड्यांत फरक नसेल, डोक्यात किंवा नखांत असेल, किंवा रोगी गरोदर बाई वा लहान मूल असेल, तर घरी प्रयोग न करता डॉक्टरांकडे जावे, काहींना पोटातून गोळ्या घ्याव्या लागतात. वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्यावी.

घरातल्या सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत. पंचा, टॉवेल, अंथरूण वेगळं ठेवावे. आतले कपडे गरम पाण्यात धुऊन, उलटे करून, कडक उन्हात वाळवावेत. बायकांचे आतले कपडे लाजेने दुसऱ्या साडीखाली, सावलीत वाळत घालतात. भगिनींनो, ही लाज फार महाग पडते. तसंच ओला करदोडा वर्षानुवर्षं तोच ठेवू नये. निदान उपचार चालू आहेत तोवर काढावा.

छाती, पाठ, मानेवर फिकट किंवा तपकिरी ठिपके, खरवडले तर बारीक कोंडा, घाम आला की थोडी चुणचुण, ती शिबं. ही कातडीवर राहणारीच एक बुरशी घामाच्या दिवसांत माजते. दोन टक्के केटोकोनॅझोलचा शांपू अंगाला लावून पाच मिनिटे ठेवावा व धुवावा, असे पाच दिवस. खाज-कोंडा जातो, रंग परत यायला काही महिने लागतात. तोवर औषध लागू पडलं नाही असं समजू नये. मात्र चट्टा फिकट आहे आणि तिथं टोचलेलं कळत नाही, तर ती शिबं नव्हेत. तो कुष्ठरोग असू शकतो. सरकारी दवाखान्यात तपासून घ्यावे, औषध फुकट मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो.

काहींना ऊन लागून अंग तापलं, घाम सुटू लागला की छातीवर-दंडावर बारीक गांधी उठतात, भयंकर खाजतात आणि अर्ध्या-एक तासात मागमूस न ठेवता जातात. आपण त्याला अंगावर पित्त उठणं म्हणतो. आमसुलाचं पाणी लावतात, गार वाटतं, लावायला हरकत नाही. त्रास नेहमीचा असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने सेट्रीझीनसारखी गोळी घ्यावी. गोळीने पेंग येते, घेऊन ट्रॅक्टर किंवा मळणी यंत्र चालवू नये. ओठ-जीभ सुजली, धाप लागली, तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

आता आमच्या खात्याच्या अखत्यारीतली खाज! गाजरगवत. या गवताची आपल्या देशातली नोंद १९५५ साली पुण्यात झाली, आणि आज ते कुठल्या बांधावर नाही? ज्याला त्याची बाधा होते त्याचा चेहरा, पापण्या, मान, कोपराची घडी लाल होऊन खाजते, कातडी जाड व काळपट होते. खूण अशी, की कपड्याने झाकलेला भाग बहुधा बरा असतो. नायटा झाकल्या जागी, गाजरगवत उघड्या जागी. वाळलेल्या गवताची धूळ वाऱ्यावर येते, घामट अंगावर चिकटते. म्हणून गवताला हात न लावताही त्रास होतो. ही बाधा एकदा जडली की दरवर्षी उसळते, आणि पुष्कळ बायका "निंदणीचा घाम बाधला" म्हणून वर्षानुवर्षं अंगावर काढतात. अशा बाईला त्या कामावर पाठवू नये, मजुरी बुडत असेल तर दुसरं काम द्यावं. गवत फुलावर येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून मुळासकट उपटावे. वाळवून पेटवू नये. काम झाल्यावर साबणाने अंघोळ, आणि कपडे घरच्यांच्या कपड्यांत न मिसळता धुवावेत. पावसाळ्यात याच गवतावर काळ्या पट्ट्यांचे मेक्सिकन भुंगे दिसतील, ते मुद्दाम आणलेले आहेत, त्यांना मारू नका.

खाज रात्री अंथरुणात वाढते, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती पुटकुळ्या आहेत आणि घरात दोघा-तिघांना एकदमच आहे, तर ती खरूज. घामाचा तिथं दोष नाही, कातडीत शिरलेल्या सूक्ष्म किडीचा आहे. घरातल्या सर्वांनी एकाच रात्री औषध लावावे, एकट्याने लावून उपयोग नाही.

एक धोक्याची गोष्ट राहिली. फवारणीनंतर तोंड चुणचुणतं, आग होते, घामाने आणखी वाढते. साबण-पाण्याने धुतल्यावर आणि कपडे बदलल्यावर हे बहुधा दिवसभरात जातं. पण फवारणी करणाऱ्याला घामाच्या धारा लागल्या, तोंडाला लाळ सुटली, डोळ्यांपुढे अंधुक झालं, उलटी झाली, तर ती उन्हाची तलखी नव्हे, विषबाधा आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या हंगामात शेतकरी आणि शेतमजूर बंधू दगावले ते आपण विसरलेलो नाही. औषधाचा डबा बरोबर घेऊन लगेच रुग्णालयात न्यावे.

तर पत्र लिहिणाऱ्या बंधूंनो, तुमचे चट्टे जांघेत, गोल, कडेला कोंडा असलेले आहेत. नायटाच दिसतो. पण अनेक चट्टे आहेत असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा शिल्लक बुरशीनाशक कुलपात ठेवा आणि या आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात दाखवून या. आजवर कुठली ट्यूब लावली असेल तर ती खिशात घालून न्या, लाजू नका. घरच्या मंडळींनाही बरोबर न्या. खरड छाटणीच्या तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं पुढच्या भागात देतो.