घड्याळ एकदाच लावलं आणि तोंडावर पडलो

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय आहे, आपला कोड किती फास्ट चालतो ते नीट कसं मोजायचं. सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो.

पहिल्या नोकरीत एका मोठ्या फाइलमधून डुप्लिकेट नोंदी शोधायचं काम होतं. टीममधल्या एका ज्युनिअरने एक फंक्शन लिहिलं, मी दुसरं. त्याचं आधी रन केलं, ४ सेकंद लागले. मग माझं, दीड सेकंद. झालं! कोड रिव्ह्यूमध्ये सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "माझं अडीच पट फास्ट आहे." त्याचा कोड बाजूला पडला. तो बिचारा काहीच बोलला नाही.

दोन आठवड्यांनी, मशीन नुकतंच रीस्टार्ट केलेलं असताना, मी सहज क्रम उलटा केला. आधी माझं, मग त्याचं. माझ्याला सव्वाचार सेकंद, त्याच्याला सव्वा!

गंमत अशी की, पहिल्यांदा रन होणारा कोड फाइल डिस्कवरून वाचतो. मग ऑपरेटिंग सिस्टिम ती रॅममध्ये ठेवते आणि दुसऱ्याला ती आयती मिळते. म्हणजे मी कोड मोजलाच नव्हता, डिस्क मोजली होती. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सांगितलं, "माझं मोजमाप चुकलं, याचाच कोड चांगला आहे." सांगताना जीभ जड झाली होती, पण सांगितलं.

तेव्हापासून मी काही गोष्टी पाळतो. उदाहरणं पायथॉनची देतो.

एक, घड्याळ योग्य निवडा. टाइम डॉट टाइम हे भिंतीवरच्या घड्याळासारखं आहे. सिस्टिमने मध्येच वेळ दुरुस्त केली तर आकडा चुकतो. मोजायला टाइम डॉट परफ काउंटर वापरा, ते मागे जात नाही.

दोन, एकदाच मोजू नका. छोट्या तुकड्यांसाठी टाइमइट मॉड्यूल आहे. ते तोच कोड मुळात १० लाख वेळा चालवतं, आकडा बदलताही येतो. अशा ५ फेऱ्या घ्या आणि सगळ्यात कमी वेळ बघा. जास्तीचा वेळ बहुतेकदा बाकीच्या प्रोग्रॅम्सनी खाल्लेला असतो.

तीन, लॅपटॉप चार्जरला लावा, ब्राउझरचे ते ४० टॅब बंद करा. बॅटरी वाचवताना किंवा तापल्यावर प्रोसेसर स्वतःच हळू होतो.

चार, डेटा खऱ्यासारखा घ्या. लिस्टमध्ये १० नावं असतील तर लिस्ट काय, सेट काय, फरक जाणवत नाही. १० लाख असतील आणि हवं ते नाव त्यात नसेल, तर लिस्ट सगळी १० लाख तपासते. सेट हॅशवरून जवळजवळ थेट उत्तर देतो. पण थांबा, लिस्टपासून सेट बनवायलाही वेळ लागतो! एकदाच शोधायचं असेल तर लिस्टच बरी. हजार वेळा शोधायचं असेल तर सेट. म्हणून बनवायचा वेळही मोजा.

आणि शेवटचं. आधी सी-प्रोफाइल चालवून वेळ नक्की कुठे जातोय ते बघा. एखादं फंक्शन एकूण वेळेच्या ५ टक्केच घेत असेल, तर ते शून्यावर आणलंत तरी तेवढेच ५ टक्के वाचणार. त्यासाठी रात्र जागवू नका.

आज रात्री एवढंच करा. तुमच्याच जुन्या प्रोजेक्टमधली दोन फंक्शन्स घ्या, मोजा, मग क्रम उलटा करून परत मोजा. आकडे बदलले, तर समजा की अजून मोजायचं बाकी आहे. आणि तोवर कुणाचा कोड हळू आहे असं सगळ्यांसमोर म्हणू नका. मी म्हणालो होतो, अजून लाज वाटते.

चला, भेटू पुढच्या भागात!