समन्सची बजावणी : न्यायाची पहिली पायरी



न्यायालयात दावा दाखल झाला की न्यायदानास प्रारंभ झाला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः प्रतिवादीच्या हाती समन्स पडेपर्यंत दावा फारसा पुढे सरकत नाही. दुसऱ्या बाजूस म्हणणे मांडण्याची संधी दिल्याविना निर्णय देऊ नये, हे न्यायाचे मूलतत्त्व होय. आणि समन्स हे त्या संधीचे निमंत्रण होय.

1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पाचव्या आदेशात बजावणीची रीत सांगितली आहे. बेलिफ समन्स घेऊन निघतो, गाव आणि घर शोधतो, प्रतिवादीची सही घेतो. प्रतिवादी घरी नसेल व लवकर भेटण्याची शक्यता नसेल, तर कुटुंबातील प्रौढ व्यक्तीकडे समन्स देता येते. नोकर मात्र कुटुंबीय मानला जात नाही. कोणीच न भेटल्यास किंवा नकार मिळाल्यास समन्सची प्रत दारावर चिकटविली जाते.

बीड जिल्ह्यातील एखाद्या ऊसतोडणी कामगाराचे घर डोळ्यांसमोर आणावे. हंगामात कुटुंब कित्येक महिने दूरच्या कारखान्याच्या परिसरात असते. घराला कुलूप असते. दारावरचा कागद वाऱ्याने फाटून जातो आणि कुटुंब परतते तेव्हा जमिनीच्या दाव्यात एकतर्फी हुकूमनामा झालेला असू शकतो. उलटपक्षी, बेलिफ दिसताच मुद्दाम दार लावून घेणारेही असतात; त्यांच्यापायी वादीच्या तारखांमागून तारखा वाया जातात. सुधारणेला या दोन्ही अन्यायांचे निवारण करावयाचे आहे.

1 जुलै 2002 पासून अमलात आलेल्या दुरुस्त्यांनी स्पीड पोस्ट, मान्यताप्राप्त कुरिअर, फॅक्स आणि ई-मेल यांनाही बजावणीची साधने म्हणून स्थान दिले. न्यायालयाच्या परवानगीने वादी स्वतःही समन्स बजावू शकतो. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात व्हॉट्सअॅपवर पाठविलेली व उघडून पाहिलेली नोटीस बजावली गेल्याचे मानले. साथीच्या काळात, 10 जुलै 2020 रोजी, सर्वोच्च न्यायालयानेही ई-मेलच्या जोडीने अशा संदेशसेवांद्वारे बजावणीस अनुमती दिली. ई-न्यायालय प्रकल्पातील ‘एनस्टेप’ प्रणालीत बेलिफाच्या हाती स्मार्टफोन आला आहे. तो कोठे व केव्हा पोहोचला याची नोंद तेथल्या तेथे होते. त्यामुळे घरी न जाताच ‘घर बंद’ असा शेरा मारणे कठीण झाले आहे.

तथापि, वेग म्हणजे खात्री नव्हे. फोनवरील निळी खूण संदेश उघडल्याचे सांगते. तो कोणी उघडला, हे सांगत नाही. एकच फोन सारे घर वापरते, क्रमांक बदलतात, आणि अनेक वृद्धांना असा संदेश वाचताही येत नाही. म्हणूनच नवी साधने ही बेलिफाच्या फेरीला पूरक ठरावीत, पर्याय नव्हे.

समन्स घेण्यास नकार दिल्याने दावा टळत नाही; नकारही बजावणीच मानली जाऊ शकते. ज्याला समन्स रीतसर मिळालेच नाही, त्याने हुकूमनामा कळताच 30 दिवसांच्या आत तो रद्द करण्यासाठी त्याच न्यायालयात अर्ज करावा. वादीनेही प्रतिवादीचा खरा व पूर्ण पत्ता द्यावा.

कागद टपालाने जावो वा फोनवर, तो योग्य माणसाच्या हाती पोहोचला आणि त्याला समजला, तरच न्यायालयाचे दार दोन्ही पक्षांना सारखेच उघडे आहे असे म्हणता येईल.